तलावातले मासे पहाटेच का मरतात? ठाणे–नवी मुंबईच्या पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल

प्रयोगवही

मंडळी, उन्हाळा सरत आला की किंवा पहिल्या पावसानंतर आपल्याकडच्या कुठल्यातरी तलावात मासे मरून वर आल्याची बातमी येते. फोटो फिरतात, 'कुणीतरी विष टाकलं' अशी कुजबुज होते, मेलेले मासे उचलून नेले जातात आणि पाण्याचा नमुना तपासणीला जातो. हा नमुना किती वाजता घेतला, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि मुलांना घेऊन तलावांच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजते. प्रयोगशाळेत त्याला सगळे डीओ म्हणतात, पुढे तेच लिहिते.

पाण्यात ऑक्सिजन मुळातच फार थोडा मावतो. ३० अंश तापमानाला एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तेवढ्याच गोड्या पाण्यात विरघळून राहतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. पाणी तापलं की हा आकडा आणखी उतरतो आणि नेमकी तेव्हाच माशांची श्वासाची गरज वाढते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान ४ आणि आंघोळीच्या पाण्यासाठी किमान ५ मिलिग्रॅम डीओ धरला आहे. २ च्या खाली गेला की बहुतेक माशांचा जीव धोक्यात येतो.

आता हिरव्यागार तलावाचा एक दिवस बघा. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) मिळालं की शेवाळ माजतं. ऊन आहे तोवर ते ऑक्सिजन सोडतं, इतका की दुपारी तीनच्या सुमारास वरच्या थरात डीओ १२ च्याही पुढे जाऊ शकतो. सूर्य मावळला की ही निर्मिती बंद, श्वास मात्र सगळ्यांचा चालू. शेवाळ, मासे, गाळातले जिवाणू, सगळे रात्रभर त्याच साठ्यावर जगतात आणि सूर्योदयाच्या जरा आधी तो साठा सर्वांत कमी झालेला असतो. म्हणून मासे पहाटे मरतात. अकरा वाजता बाटली भरणाऱ्याच्या हाती मात्र उन्हात सावरलेलं पाणी लागतं आणि अहवालात 'डीओ समाधानकारक' असं लिहिलं जातं.

मोजायची पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिली, आजही आम्ही तीच शिकवतो. बुचाची काचेची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, धरतो. जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. एका तलावावर नाल्याच्या तोंडापाशी, गाळालगत पहाटे भरलेल्या बाटलीत साका पांढराच राहिला. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाहीच. मुलं एकमेकांकडे बघत राहिली, कारण पुढे टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणी, करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याच जागी दुपारी वरवरचं पाणी घेतलं की साका चांगला तपकिरी येतो.

पहिल्या पावसाचं कारण थोडं वेगळं आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड, त्यामुळे दोन्ही थर मिसळत नाहीत. खालच्या थरातला ऑक्सिजन गाळातले जिवाणू संपवतात आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. वादळी वाऱ्याबरोबर थंड सरी कोसळल्या की थर एकदम ढवळतात आणि तळाचं पाणी वर येतं. भरीस भर म्हणून नाल्यात महिनोन्‌महिने साचलेली घाण पहिल्याच पाण्याबरोबर तलावात उतरते. त्यात आभाळ भरलेलं, म्हणजे शेवाळाकडूनही फारशी भर नाही. हे सगळं एकाच रात्रीत जमून येतं.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळात लोहाला धरून बसलेलं स्फुरद सुटतं आणि पुन्हा पाण्यात येतं. त्यावर नवं शेवाळ वाढतं, ते मरून तळाशी जातं, पुन्हा ऑक्सिजन खातं. नाला वळवला तरी तलाव लगेच का सुधारत नाही, त्याचं हे मोठं कारण. गाळाकडे बघितल्याशिवाय सुशोभीकरणाला अर्थ नाही.

खाडीकडची आणि नवी मुंबईची मंडळी इथे बरीच आहेत. तिकडे काय दिसतं ते जरूर लिहा.

उपवनकर

ताई, फार उपयोगी लिहिलंत. आम्ही रोज सकाळी तलावाला फेऱ्या मारतो. मे महिन्यात उजाडता उजाडता मासे वर येऊन आ वासताना दिसतात. लोकांना वाटतं भुकेले आहेत, म्हणून पाव, कुरमुरे, कणकेचे गोळे टाकतात. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कारंज्यांनी ऑक्सिजन वाढतो म्हणतात, मग कारंजी असलेल्या तलावात मासे का मरतात? आणि मासे विषाने मेले की गुदमरून, हे आमच्यासारख्याला कसं कळावं?

प्रयोगवही

उपवनकर, तो पाव आधी थांबवायला हवा. ते आ वासणं म्हणजे गुदमरणं आहे. पाण्याचा अगदी वरचा पातळ थर हवेला लागून असतो, त्यात काय तो थोडा ऑक्सिजन मिळतो, म्हणून ते वर येतात. न खाल्लेला पाव तळाशी जाऊन कुजतो आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपवतो.

कारंजी संध्याकाळी दिव्यांसकट चालतात, कारण लोक तेव्हा येतात. माशांना त्यांची गरज असते मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंत. शिवाय कारंजं वरचंच पाणी उडवतं. तळाशी बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्यूजर असतील तर खालचं पाणीही हलतं. पण नवी यंत्रणा येईपर्यंत निदान कारंज्यांची वेळ बदला, एवढं मागणं तर आजच करता येईल. तुमच्या प्रभागात हे पत्र तुम्ही द्याल का? मसुदा मी करून देते.

विष की घुसमट, हे ओळखता येतं. घुसमटीत मासे पहाटे मरतात, मोठे आधी, तोंड उघडं आणि कल्ले फुललेले. रोहू, कटला जातात, पण मरळ, शिंगी, मागूर तगून राहतात, कारण ते थेट हवेतूनही श्वास घेऊ शकतात. विषाला वेळेचं बंधन नाही आणि त्यातून मरळही सहसा सुटत नाही. तिसरी शक्यता अमोनियाची. शेवाळामुळे दुपारी पाण्याचा सामू (पीएच) चढतो, तेव्हा सांडपाण्यातला अमोनिया जास्त विषारी रूपात येतो आणि मासे भर उन्हात मरू शकतात. म्हणून मेलेले मासे उचलण्याआधी कोणत्या जातीचे आणि किती वाजता दिसले, एवढं कुणीतरी लिहून ठेवलंच पाहिजे.

दिवाळे_नाखवा

नमस्कार. आम्ही दिवाळे गावचे, बापजाद्यांपासून खाडीत. तलावाचं तुम्ही लिहिलंत ते पटलं. खाडीत घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघावी लागते. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, पाणी जोरात येतं-जातं, समुद्राचं ताजं पाणी वरपर्यंत पोचतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी जागच्या जागी हलतं. उन्हाळ्यातला भांग असला आणि वरून नाल्यांचं पाणी उतरत असलं की ऐरोलीच्या वर, विटाव्याच्या बाजूला पाणी काळपट पडतं. तेव्हा बोय तोंड वर काढून फिरते. कोळंबी काठाला येऊन चिकटते. चिंबोऱ्या दगडांवर चढून बसतात, हाताने उचलाव्यात अशा. नवख्याला वाटतं आज मासळी मुबलक आहे. माझे वडील अशा दिवशी जाळं टाकू देत नसत. म्हणायचे, "पानी मेलंय, ही मासली घरात नको."

निवटी तेवढी राहते. चिखलात बीळ करून राहणारी, अंग ओलं असलं की बाहेरही श्वास घेणारी. वडिलांच्या वेळी जिताडा, कालवं, मोठी कोळंबी खाडीत वरपर्यंत मिळायची. आता वरच्या अंगाला निवटी आणि शिंगाळी. खाडी दक्षिणेला रुंद आहे, ठाण्याकडे चिंचोळी होत जाते, त्यामुळे त्या टोकाची घाण लवकर बाहेर पडत नाही. भराव आणि पुलांच्या खांबांनी गाळही वाढवला.

आमचं खरं दुखणं सांगतो. नुकसानभरपाई मागायला गेलं की पुरावा मागतात. मेलेली मासळी ओहोटीबरोबर निघून जाते, अधिकारी येईपर्यंत भरतीचं नवं पाणी आलेलं असतं. तुमच्या अकराच्या नमुन्यासारखंच आहे हे.

तिवरांच्या_सावलीत

नाखवा, चिंबोऱ्या दगडावर चढण्याचं निरीक्षण फार मोलाचं आहे. ते तारीख आणि तिथीसकट लिहून ठेवाल का? जगभर ज्या किनाऱ्यांवर ऑक्सिजन घटतो तिथे खेकडे, झिंगे काठाकडे पळताना दिसतात.

मी खारफुटीत काम करते, म्हणून चिखलाबद्दल थोडं. ऑक्सिजन नाही म्हणजे सगळं वाईट, असं सरसकट धरू नका. खारफुटीचा चिखल स्वभावतःच तसा असतो. वरचा पातळ थर तपकिरी, बोट खुपसलं की खाली काळा, वास मारणारा. तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं वर आलेली दिसतात, ती त्यासाठीच. त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते. ऑक्सिजन नसल्यामुळे तिथे पडलेली पानं पुरती कुजत नाहीत आणि त्यांतला कार्बन शतकानुशतकं गाडलेला राहतो. हे झाडाने हजारो पिढ्यांत जुळवून घेतलं आहे. त्या मुळांवर राडारोडा, प्लास्टिक किंवा तेलाचा थर बसला की मात्र झाड उभ्याउभ्या मरतं. मी अशी झाडं बघितली आहेत, वरून पानं गळत जातात आणि खाली मुळं पिशव्यांनी लपेटलेली असतात.

दुसरं फ्लेमिंगोंबद्दल. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण 'फ्लेमिंगो येतात म्हणजे खाडी स्वच्छ आहे' हे पुन्हापुन्हा ऐकू येतं, ते खरं नाही. छोटा फ्लेमिंगो सूक्ष्म शेवाळावर जगतो आणि सांडपाण्यामुळे ते शेवाळ वाढलं, म्हणून १९९० च्या दशकापासून ते मोठ्या संख्येने येऊ लागले, असं अनेक अभ्यासक मानतात. पक्ष्याला जे भरपूर मिळतं तेच माशाचा श्वास कोंडतं. आणि पक्ष्यांनाही मर्यादा आहेच. नेरुळकडच्या पाणथळीत भरतीचं पाणी आत यायचे मार्ग बुजले की पाणी साचतं, त्यावर शेवाळाचा जाड थर चढतो आणि फ्लेमिंगो तिथे उतरेनासे होतात.

अभि_घणसोली

मस्त धागा. एक मूलभूत शंका. जंगलं कमी होताहेत, मग हवेतलाही ऑक्सिजन कमी होतोय का? आणि समुद्रात एवढं पाणी असताना तिथे कसा काय संपतो?

खारा_वारा

अभि, हवेची काळजी नको. हवेत सुमारे २०.९५ टक्के ऑक्सिजन आहे. कोळसा-पेट्रोल जाळल्याने तो कमी होतो, पण वर्षाला हवेच्या दहा लाख रेणूंमागे जेमतेम चार. आपल्या श्वासाला त्याने काही फरक पडत नाही. पाण्याचं तसं नाही. तिथे साठा छोटा आणि हवेतून खाली झिरपण्याचा वेग अतिशय कमी.

समुद्रात वरचं पाणी हवेतून आणि सूक्ष्म वनस्पतींकडून ऑक्सिजन घेतं. खोल पाण्यात ऊन पोचत नाही, वरून मेलेल्या जिवांचा चुरा मात्र सतत पडत असतो. आपल्या अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळपास नसलेला प्रचंड जाड पट्टा आहे आणि तो मुळात नैसर्गिक आहे. पावसाळ्यात वाऱ्यामुळे असं खोलातलं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात वर चढतं. पावसाचं गोडं, हलकं पाणी वर पसरलेलं असतं, त्यामुळे खाली हवा पोचत नाही. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी किनाऱ्याजवळच्या तळाला ऑक्सिजन संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की हा नैसर्गिक प्रकार तीव्र होतोय, बहुधा जमिनीवरून येणाऱ्या नत्रामुळे, आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. म्हणजे खत आणि मैला नुसता मासा मारून थांबत नाही.

जगाचं चित्रही बघा. १९६० पासून महासागरांतला सुमारे २ टक्के ऑक्सिजन घटला आहे. २००८ साली किनाऱ्यांवरच्या ४०० हून अधिक मृत पट्ट्यांची, म्हणजे ऑक्सिजन घटून जीव टिकत नाहीत अशा भागांची, नोंद झाली होती. मेक्सिकोच्या आखातातला पट्टा मिसिसिपी नदीतून येणाऱ्या शेतीखतांमुळे दर उन्हाळ्यात तयार होतो. २०१७ मध्ये तो जवळजवळ २२,७०० चौरस किलोमीटर भरला. पण उलटंही घडतं. १९९० नंतर पूर्व युरोपात खतांचा वापर घसरला आणि काळ्या समुद्राच्या वायव्य भागातला मृत पट्टा आक्रसला. लंडनच्या थेम्सचा मधला भाग १९५७ साली जैविकदृष्ट्या मृत ठरवला गेला होता, मैलाशुद्धीकरण सुधारल्यावर तिथे मासे परतले. आपल्या खाडीला तर दिवसातून दोनदा भरती मिळते. पुढचं काम आपलं आहे.

ब्लोअर_चालू_ठेवा

इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. घोडबंदर रोडवरच्या एका संकुलाचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, मी चालवतो. टाकीत जिवाणू मैला खातात आणि त्यांना लागणारी हवा ब्लोअर देतो. टाकीत डीओ २ च्या आसपास राखायचा असतो. विजेचा सर्वांत मोठा खर्च तोच, त्यामुळे काटकसर करायची म्हटली की पहिली नजर तिथे जाते. 'रात्री आवाज होतो, बंद ठेवा' असं सांगितलं जातं. रात्रभर बंद राहिला की सकाळी चॉकलेटी गाळ काळा झालेला असतो, फेस बदलतो, वास सुटतो. चांगले जिवाणू मेले की टाकी पुन्हा बसायला आठवडे लागतात. तोवर जे बाहेर जातं ते नाल्यातून खाडीत. नाखव्यांची बोय तोंड वर काढते, तिची एक बाजू आमच्या मीटर-रूममध्ये आहे.

आणि एक हात जोडून सांगणं आहे. ऑक्सिजन संपलेल्या टाकीत माणूस उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइडचा वास आधी येतो, मग १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पुढे नाक बधिर होतं आणि वासच कळेनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं वायू गेला. तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. ठाण्यातही असे जीव गेले आहेत. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या सोसायटीच्या सभेत हा प्रश्न विचारा, टाकी कोण साफ करतं आणि कशी?

उपवनकर

दादा, हे पुढच्या सभेत नक्की मांडतो. लिहिलंत ते फार बरं केलंत.

चेंदणीकर

धागा चांगला आहे, पण एक खटकतं. अशा चर्चेत शेवटी बोट गणपतीकडे आणि निर्माल्याकडे जातं. वर्षभर नाला वाहतो त्याचं काय? आमच्या कोळीवाड्याने खाडीला देव मानलं आहे, ती खराब आम्ही केली नाही.

प्रयोगवही

चेंदणीकर, तुमचा मुद्दा आकड्यांनीच खरा ठरतो. जिवाणूंना घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागेल, ते बीओडीने मोजतात. आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस बाटली ठेवून. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी सुमारे तीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं. आणि हे रोज, चोवीस तास. कुठल्याही सणाची त्याच्याशी बरोबरी नाही.

तरी तलाव आणि खाडी यांत मी फरक करते. खाडीला भरती आहे, तलावाला नाही. छोट्या बंद पाण्यात एकाच आठवड्यात पडलेली फुलं, पानं आणि दूध त्याला झेपत नाही. दुधाचा बीओडी लिटरमागे एक लाख मिलिग्रॅमच्या वर जातो. ठाण्याने कृत्रिम विसर्जन तलावांची आणि निर्माल्य गोळा करण्याची पद्धत रुजवली, ती या कारणासाठी मला योग्य वाटते. पण नाल्याबद्दल गप्प राहून भाविकांना उपदेश करणं अन्यायाचं आहे, इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

चेंदणीकर

हे मान्य. आता मोजायचं कसं ते सांगा. कोळीवाड्यातली पोरं तयार आहेत.

प्रयोगवही

बाटली भरताना हवा मिसळू द्यायची नाही, इथेच बहुतेक आकडे बिघडतात. बादलीने काढून ओतलेलं पाणी चालणार नाही. नळी बाटलीच्या तळापर्यंत घालून पाणी भरा आणि काठावरून भरपूर वाहू द्या. मग मँगनीज सल्फेट आणि आयोडाइड ही दोन्ही द्रावणं जागेवरच घालायची. साका धरला की बाटली अंधारात ठेवून पुढचं काम माझ्या प्रयोगशाळेत करता येतं. सांडपाण्यात नायट्राइट असतं, त्याने आकडा चुकतो, म्हणून अझाइड मिसळलेलं आयोडाइड वापरायचं. ते मी बनवून देईन. द्रावण कातडी जाळतं, हातमोजे हवेतच. प्रत्येक बाटलीवर वेळ, खोली, पाण्याचं तापमान आणि भरती की ओहोटी, हे लिहायचं. खाडीत खारटपणाही, कारण खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आणखी कमी मावतो.

एकाच जागी दोन नमुने, उजाडायच्या आधी आणि दुपारी तीनला. दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवले की अर्जात फार काही लिहावं लागत नाही.

दिवाळे_नाखवा

होडी माझी. भांग अष्टमीच्या आसपास असतो, उन्हाळ्यातल्या पहिल्या अष्टमीला निघू. विटाव्यापासून सुरुवात करून वाशीच्या पुलापर्यंत उतरत येऊ, म्हणजे घाण कुठपर्यंत येते तेही कळेल. काळोखात कुठे गाळ आहे ते मला ठाऊक आहे.

प्रयोगवही

अष्टमी पक्की. बाटल्या, नळ्या आणि द्रावणं मी आणते. चेंदणीकर, पोरांपैकी दोघंच होडीत, बाकीच्यांनी त्याच वेळी काठावरून नाल्यांच्या तोंडाचे नमुने घ्यायचे. ब्लोअरवाले दादा, तुमच्याकडे डीओ मीटर असेल तर त्या पहाटे घेऊन या, दोन्ही पद्धतींचे आकडे पडताळून बघू.

ब्लोअर_चालू_ठेवा

मीटर आहे, आदल्या दिवशी कॅलिब्रेट करून आणतो. रात्रपाळी संपवून थेट विटाव्याला येईन.